रीडिंग शून्य, त्रास पुरेपूर

इन्स्ट्रुमेंट कोणतंही असो, कॅलिब्रेशन केल्याशिवाय रीडिंगवर भरवसा ठेवायचा नाही, हे आपल्याला पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवतात. पण कागदावरची प्रश्नावली हेसुद्धा एक इन्स्ट्रुमेंटच, हे मला आमगाव तालुक्यातल्या माझ्या मावशीमुळे समजलं.

तिसऱ्या बाळंतपणापासून मावशीला खोकताना, ओझं उचलताना लघवी सुटते. आईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. यंदा ती रोवणीला गेली नाही, म्हणून मी कारण विचारलं. "दिवसभर बांधीत वाकून राहा लागते वं पोरी. लुगडं वलं झालं तं बायाइले काय सांगू?"

या त्रासासाठी 'आयसीआयक्यू' नावाची छोटी प्रश्नावली २००४ साली प्रसिद्ध झाली. लघवी किती वेळा सुटते (० ते ५), किती सुटते (० ते ६), रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो (० ते १०). एकूण गुण २१. मूळ इंग्रजी. जर्मन बोलणाऱ्या बायकांसाठीसुद्धा अशी प्रश्नावली नुसती भाषांतर करून भागत नाही. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही ताडून पाहायचं. पुढे पेशंटना विचारायचं. त्रास तेवढाच असेल, तर काही दिवसांनी आकडाही जवळपास तोच यायला हवा. प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हे क्रॉनबाखच्या १९५१ सालच्या 'अल्फा'वरून बघतात, ०.७ च्या वर असला की साधारणपणे चालतो.

आता हेच गोंदियात करायचं म्हटलं तर? पुस्तकी शब्द 'मूत्र असंयम'. ऐकणारीला वाटेल, आपल्यालाच संयम नाही! लाजून 'अंगावरून जातं' लिहावं, तर बाया पांढरं जाणं समजतात. मूळ प्रश्नात 'व्यायाम करताना' असंही आहे. इथे रोवणी, मोळी आणि पाण्याचा हंडा हाच व्यायाम! शिवाय कुणाच्या घरी पोवारी, कुणाच्या घरी गोंडी.

तिसरा प्रश्न मी मावशीला साध्या बोलीत विचारला. "काई अडथळा नाई," ती म्हणाली. म्हणजे शून्य! कारण एसटीचा प्रवास, लग्नकार्य, रोवणी तिने कधीच सोडलं होतं. मग अडथळा येणार कशाला? शब्द बरोबर, रीडिंग चूक. म्हणूनच भाषांतर झाल्यावर बायकांजवळ बसून 'तुम्हाला यातून काय समजलं?' हे विचारावंच लागतं. अल्फा कितीही चांगला आला, तरी तो हे सांगत नाही.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम डॉ. केगल यांनी १९४८ मध्येच मांडले. अनेक बायकांना त्यांनी आराम पडतो. पण मोजलंच चुकीचं, तर ना त्रास दिसणार, ना गुण आलेला कळणार.

मैत्रिणींनो, आणि हसू दाबणाऱ्या मित्रांनो, सुट्टीत घरी गेलात की मोठे शब्द वापरू नका. "खोकताना लघवी सुटते का? त्यापायी काय काय सोडलं?" एवढंच विचारा. दुसरा प्रश्न विसरू नका.