समावर्तन

"शिकली-सवरलेली माणसं असल्या महाराजांच्या नादी लागतातच कशी?"

वर्तमानपत्रात एखाद्या बुवाच्या अटकेची बातमी आली, की हा प्रश्न आपल्या कँटीनपासून एसटीच्या बाकापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या ओठांवर बहुधा हसू असतं. मला त्या हसण्यात सामील होता येत नाही. कारण वयाच्या आठव्या वर्षापासून मी दर गुरुवारी आईचं बोट धरून अशाच एका महाराजांच्या मठात जात होते आणि बारावीत असताना, एका गुरुवारी, आईबरोबरच तिथून कायमची बाहेर पडले. माणसं तिथं जातात कशी, हे मला फारसं अवघड कोडं वाटत नाही. तिथून निघणं इतकं कठीण का होतं, हा खरा प्रश्न आहे, आणि तो कुणी विचारत नाही.

जाण्याचं कारण अगदी साधं होतं. बाबा एसटीत वाहक. वस्तीची गाडी असली की रात्र रात्र बाहेर. बदली होऊन आम्ही या तालुक्याच्या गावी आलो तेव्हा आईच्या ओळखीचं इथं कुणी नव्हतं. ती घरी शिवणकाम करायची. मशीनची खडखड थांबली की घर अगदी सुनं सुनं वाटायचं. शेजारच्या काकूंनी एकदा सहज म्हटलं, "चला ना मठात, भजन असतं." आई गेली. तिथं सतरंज्यांवर चाळीस-पन्नास बायामाणसं बसलेली, पेटी-तबला, उदबत्तीचा वास, शेवटी हातावर खडीसाखर. माझ्या आईचा आवाज फार गोड आहे, हे मला त्या दिवशी कळलं. घरात तिला गाताना मी कधी ऐकलंच नव्हतं! महिन्याभरात तिला दहा मैत्रिणी मिळाल्या, आणि शिवायला ब्लाउजपीस येऊ लागले ते वेगळंच. मला ताप आला तर कुणी तरी पेज घेऊन यायचं. हे सगळं खरं होतं. त्यात कसलंही ढोंग नव्हतं, आणि आज ते नाकारावं असं मला वाटत नाही.

बाकीचं हळूहळू आलं. इतकं हळूहळू, की अमुक दिवशी बदललं असं बोट ठेवून सांगता येणार नाही. आधी महाराजांचा सल्ला विचारायची पद्धत होती. पुढे त्या सल्ल्याला 'आज्ञा' म्हणू लागले. मुलीचं स्थळ, घराचा रंग, गावाला जायचा दिवस, नोकरीतली बढती घ्यावी की नाही, सगळं आज्ञेनं. एका मुलीला दहावीत ऐंशी टक्के गुण मिळाले होते. तिला शहरातल्या वसतिगृहात ठेवायला आज्ञा मिळाली नाही. तिनं मठात सेवा करावी असं ठरलं. तिच्या वडिलांनी पेढे वाटले. ती पेढ्यांचा पुडा हातात धरून उभी होती, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मग वह्या आल्या. प्रत्येकानं आठवड्याभरात मनात आलेले वाईट विचार त्या वहीत लिहायचे आणि गुरुवारी महाराजांच्या पायाशी ठेवायचे. मन निर्मळ होतं, असं सांगितलं जाई. काही दिवसांनी आपल्याबरोबर घरच्यांचे आणि मंडळातल्या इतरांचे दोषही लिहायचे असं ठरलं. बायको नवऱ्याविषयी लिही, सून सासूविषयी. पुढच्या बैठकीत महाराज डोळे मिटून कुणाच्या तरी मनातली गोष्ट 'ओळखत' आणि सारी सभा हात जोडत असे. ओळखणार नाहीत तर काय! ती गोष्ट शेजारणीच्या वहीत आठवड्यापूर्वीच लिहिलेली असे. आम्हां मुलांना हे कळत होतं. पण आमचीही वही होतीच.

महाराज गोष्टी मात्र फार रंगवून सांगत. त्यांची आवडती गोष्ट धौम्य ऋषींच्या शिष्यांची. शेताचा बांध फुटला तेव्हा आरुणी स्वतः पाण्यात आडवा झाला. उपमन्यूला गुरूंनी भिक्षा बंद केली, गायीचं दूध बंद केलं, वासरांच्या तोंडचा फेसही बंद केला. शेवटी भुकेनं रुईची पानं खाऊन तो आंधळा झाला, विहिरीत पडला, पण गुरूविरुद्ध त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. गोष्ट इथं आली की महाराज थांबत आणि आमच्याकडे रोखून पाहत. "तुमच्यात आहे का कुणी असा?" सभेत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरे.

माझी मावशी या सगळ्याच्या बाहेर होती. ती एकदाच मठात आली आणि महाराजांच्या चमत्काराच्या वेळी तिला हसू आवरलं नाही. तेव्हापासून ती 'निंदक' ठरली. आईला आज्ञा झाली, की बहिणीशी संबंध कमी करावेत. आईनं ते कमी केलेही. दिवाळीच्या फराळाचा डबा तेवढा दोन्हीकडून जात-येत राहिला. दोन वर्षं अशी गेली. मग मावशीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. तिच्या घरी करणारं कुणी नाही. आई रोज सकाळी उठून मऊ भात करायची आणि साडेसातच्या गाडीनं इस्पितळात जायची. ही गोष्ट कुणाच्या वहीत गेली ते आम्हांला आजही ठाऊक नाही.

त्या गुरुवारी महाराजांनी आईला सर्वांसमोर उभं केलं. गुरूपेक्षा रक्ताचं नातं ज्याला मोठं वाटतं त्याची साधना फुकट जाते, असं बरंच बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या जाणार का तू डबा घेऊन?"

आई कधी मोठ्यानं बोलत नाही. ती म्हणाली, "महाराज, तिला अजून आठ दिवस तेलकट चालायचं नाही. मी जाणार."

एवढंच. तिनं वाद घातला नाही, शास्त्राधार मागितला नाही. खाली ठेवलेली वही उचलून पिशवीत घातली, मला म्हणाली, "चल गं," आणि आम्ही बाहेर येऊन चपलांच्या ढिगातून आमच्या चपला शोधू लागलो. आतलं भजन आमच्यासाठी थांबलं नव्हतं. मला वाटतं, त्या भजनाकडे पाठ करून चालणं हेच आईला सर्वांत जड गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या मोबाइलवरच्या ग्रुपमधून आमची नावं गेली. आठवड्याभरात शिवायला टाकलेले ब्लाउजपीस एकेक करून परत गेले. काही जणी स्वतः न येता मुलांना पाठवत. ज्या काकूंनी आईला पहिल्यांदा मठात नेलं होतं, त्या भिंतीला भिंत लागून राहत असूनही अंगणात समोर आलो की मान वळवू लागल्या. आणि या सगळ्याहून वाईट होती ती भीती. मंडळ सोडून गेलेल्यांचं काय काय झालं याच्या कहाण्या आम्ही वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या. दूध नासलं, बाबांची गाडी उशिरा आली, माझा पाय मुरगळला, की आई क्षणभर देव्हाऱ्याकडे बघायची. बोलायची काही नाही. बाबा एकदा तिला म्हणाले, "अगं, गाडी पंक्चर होते ती टायरला खिळा लागला म्हणून. महाराजांना कशाला त्रास देतेस?" तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली.

मी या कॉलेजात आले आणि ग्रंथालयात महाभारताच्या मराठी भाषांतराचे जाड खंड हाताशी आले. आदिपर्व उघडून मी धौम्यांची गोष्ट शोधली. आणि काय सांगू, महाराज जिथं थांबत तिथं ती गोष्ट संपतच नाही! बांधात आडवा झालेला आरुणी दिसत नाही म्हणून धौम्य स्वतः त्याला हाका मारीत शेतावर जातात. त्याला उठवतात, उद्दालक हे नाव देतात, वेद तुला प्रकट होतील असा आशीर्वाद देतात, आणि तो आपल्याला हव्या त्या देशी निघून जातो. उपमन्यू परत आला नाही तेव्हाही गुरूच त्याला शोधायला निघतात, अश्विनीकुमारांची स्तुती कर म्हणून उपाय सांगतात, आणि त्याला दृष्टी परत मिळते. पण मला सर्वांत आवडला तो तिसरा शिष्य, वेद. हा कधीच आमच्या कानांवर नीट आला नव्हता. बैलासारखं ओझं वाहत, ऊन-थंडी-भूक सोसत तो वर्षानुवर्षं गुरुगृही राहिला. पुढे गुरूची अनुमती घेऊन घरी आला, संसार थाटला आणि स्वतः गुरू झाला. तेव्हा त्यानं आपल्या शिष्यांना सेवेच्या कष्टांना जुंपलं नाही. का? तर गुरुगृहीचं दुःख त्याला माहीत होतं! हे मी दोनदा वाचलं. ग्रंथालयातून निघताना मला फार हलकं वाटत होतं.

शिक्षण पुरं झाल्यावर शिष्यानं गुरुगृहातून घरी परतायचं, या संस्काराला आपल्याकडे 'समावर्तन' असं नाव आहे. त्या वेळी स्नान करायचं, म्हणून तो 'स्नातक'. हिंदीत आजही पदवीधराला हाच शब्द आहे. म्हणजे परत जाणं हा गुरूशी केलेला द्रोह नव्हता. ते शिक्षणाचंच शेवटचं पाऊल होतं. आणि गुरूला पारखण्याचं काय? समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणांचा एक स्वतंत्र समास लिहिला आहे. शिष्याला साधनाला न लावणारे गुरू कवडीमोलानं मिळाले तरी टाकून द्यावेत, अशा आशयाचं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. गुरू 'टाकावा' हे बंडखोर वाक्य कुणा आधुनिक सुधारकाचं नाही, समर्थांचं आहे!

एका तासाला सरांनी जे. कृष्णमूर्तींची हकीकत सांगितली, तीही मला याच ओळीत बसणारी वाटली. थिऑसॉफिकल सोसायटीतल्या मंडळींनी या मुलाला लहानपणीच भावी जगद्गुरू म्हणून निवडलं. १९११ साली त्याच्याभोवती 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' ही संघटना उभी राहिली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधल्या ओमेन इथं हजारो अनुयायांसमोर, अ‍ॅनी बेझंट समोर बसलेल्या असताना, कृष्णमूर्तींनी ती संघटना स्वतःच विसर्जित केली. मला अनुयायी नकोत, असं त्यांनी सांगितलं. मिळालेल्या मालमत्ता परत केल्या. त्या दिवशी किती जणांना पोरकं वाटलं असेल!

याच्या उलट उदाहरण आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे. कोरेगाव पार्कातल्या आश्रमातून १९८१ साली रजनीश अमेरिकेत ओरेगॉन राज्यात गेले आणि तिथं रजनीशपुरम वसलं. तिथले रहिवासी पुष्कळसे उच्चशिक्षित, युरोप-अमेरिकेतले. तरी तिथं माणसांची दूरध्वनीवरची बोलणी चोरून ऐकली जात होती. १९८४ साली जवळच्या द डॅलिस गावातल्या उपाहारगृहांत अन्नात जंतू मिसळले गेले आणि ७५१ लोक आजारी पडले. रजनीशांच्या सचिव शीला सप्टेंबर १९८५ मध्ये तिथून निघून गेल्या. १९८६ साली त्यांनी न्यायालयात गुन्हे कबूल केले. हे वाचताना मला आमच्या वह्या आठवल्या. आमचं मंडळ त्यापुढे अगदी किरकोळ, कुणाला विष घालणारं नव्हे. पण माणसानं माणसावर पाळत ठेवायची आणि तिला साधना म्हणायचं, ही रीत दोन्हीकडे एकच. तेव्हा शिक्षणानं माणूस आपोआप सुटतो, हा भ्रम आपण पदवीधरांनी तरी बाळगू नये.

मग माणूस सुटतो कशानं? मी आईला एकदा विचारलं. मला वाटलं, ती महाराजांच्या ढोंगाविषयी काही बोलेल. ती मशीनवर दोरा ओवत होती. म्हणाली, "तुझ्या मावशीनं दोन वर्षांत मला एकदाही टोमणा मारला नाही. जायला घर होतं गं मला."

इस्पितळातल्या खाटेवर मावशीला मठातली हकीकत कळली, तेव्हाही 'मी सांगत नव्हते का' असं ती म्हणाली नाही. तिनं विचारलं, "ताई, आता गुरुवारी गाशील कुठं?" आणि बरी झाल्यावर स्वतःच दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागली. तिला सूर अजिबात नाही. ती नुसते टाळ वाजवते, तेही ठेका सोडून. बाबांची वस्ती नसली तर तेही बसतात. तीन माणसांचं भजन!

तुमच्यापैकी कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाची मैत्रीण आज अशाच एखाद्या सतरंजीवर बसलेली असेल. त्यांना पुरावे द्या, गोष्टींची राहिलेली अर्धी पानं वाचून दाखवा, जरूर. पण हसू नका. फराळाचा डबा पाठवत राहा. शेजारच्या काकूंची मान अजून वळलेलीच आहे. संक्रांतीला आईनं माझ्या हाती त्यांच्यासाठी तिळगूळ दिला. त्यांनी दार अर्धंच उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि वाटी आत घेतली. वाटी अजून परत आलेली नाही. आई म्हणते, येईल, घाई नाही.