चार चाकांचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मी ३४ वर्षं मुलांना शिकवली. अर्थ विचारला की वर्गातून ठरलेलं उत्तर यायचं, "बाई, ज्याला घरदार नाही तो!" माण तालुक्यातल्या शाळेत मात्र धनगरांची मुलं या प्रश्नाला गप्प बसायची. दिवाळी झाली की त्यांचा वाडा कोकणाच्या वाटेला लागायचा. घोड्यावर पाल, भांडी, घोंगड्या, वर एखादं लेकरू आणि लेकराशेजारी कोंबडी. बिऱ्हाड म्हणजे काय, हे त्यांना बाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण म्हणजे आमची नात.

२०२४ च्या ऑक्टोबरात मी मुलाकडे ऑकलंडला गेले, तेव्हा घरात अबोला होता. नात पंचविशीची. फळबागांत फिरून नमुने गोळा करायचे आणि फळ तोडणीला तयार झालं का ते तपासायचं, हे तिचं काम. कधी टे पुकेच्या किवीच्या बागा, कधी हॉक्स बेची सफरचंदं. हंगामाप्रमाणे चार-सहा आठवड्यांनी गाव बदलायचं आणि दर गावात नवी खोली शोधायची. भाडी अशी की निम्मा पगार तिथेच जावा. तिने एक जुनी टोयोटा हायएस व्हॅन विकत घेतली आणि जाहीर केलं, आता मी हिच्यातच राहणार.

मुलाचं म्हणणं एकच. "आम्ही परक्या मुलखात येऊन, हप्ते भरून घर उभं केलं, ते काय हिने गाडीत झोपावं म्हणून?" सून बिचारी दोघांच्या मधे. मी पडले तीन महिन्यांची पाहुणी. पाहुण्याने न्यायनिवाडा करू नये, हाताला काम मागावं, असं माझं मत. मी नातीला म्हटलं, "पडदे आणि गादीची खोळ मी शिवते." मशीन गॅरेजमध्येच मांडलं. त्यामुळे पुढचं सगळं बांधकाम मला जवळून बघायला मिळालं.

पहिला धडा मोजपट्टीचा. आतली लांबी ३ मीटर, रुंदी दीड मीटर, उंची जेमतेम १.३ मीटर. म्हणजे साधारण ४८ चौरस फूट, आणि त्यात ताठ उभंसुद्धा राहता येणार नाही. नात लगेच करवत घेणार होती. मी तिला थांबवलं आणि गॅरेजच्या फरशीवर खडूने गाडीची चौकट आखायला लावली. ही पलंगाची जागा, हा ओटा, हे दार. मग दोन दिवस आम्ही त्या चौकटीत भातुकली खेळलो म्हणा ना! झोपून बघितलं, कूस बदलून बघितलं, लुटुपुटीचा चहा केला. पलंगाखालचा खण उघडला की सरकत्या दाराची वाट अडते, हे तिथेच कळलं. खडू पुसायला काही लागत नाही, प्लायवूड मात्र महाग.

दुसरा धडा दमटपणाचा. पत्र्याच्या गाडीत माणूस झोपला की त्याच्या श्वासातली वाफ थंड पत्र्यावर जाऊन पाणी होते. त्यात स्वयंपाक. नातीने सांगितलं, १ किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. मला खरं वाटेना, म्हणून तिने कागदावर समीकरण मांडून दाखवलं. आजीची परीक्षा घ्यायची तिला हौसच आहे. हे पाणी भिंतीत मुरलं की बुरशी आणि गंज आलाच. म्हणून पत्र्याच्या आत तिने मेंढीच्या लोकरीचे थर भरले. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. घोंगडी डोक्यावरून घेऊन भर पावसात उभे असलेले माझ्या विद्यार्थ्यांचे वडील मला तेव्हा आठवले. पण नुसती लोकर भरून भागत नाही, ओल बाहेर जायला वाट हवी. छताला पंखा आणि थंडीतही बोटभर उघडी खिडकी. शिवाय मी हट्टाने कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र बसवायला लावलं. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे आपल्याकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो. गाडी तर खोलीपेक्षा लहान.

तिसरा धडा विजेचा. एके रात्री मी मशीनवर बसले होते, नात तारा ओढत होती, आणि मुलगा गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. तो इलेक्ट्रिकल इंजिनियर. बराच वेळ नुसता बघत होता. मग म्हणाला, "फ्यूज कुठे आहे?" तिने दाखवला. "बॅटरीपासून इतका लांब? मधल्या तारेत शॉर्ट झाला तर तो काय कामाचा?" आणि बाह्या सरसावून खाली बसला. १२ व्होल्टवर तेवढंच काम करायचं तर घरातल्या २३० व्होल्टच्या मानाने जवळजवळ १९ पट प्रवाह लागतो, म्हणून तार जाड हवी, हे त्याने तिला समजावलं. छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल, पलंगाखाली १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी, म्हणजे भरलेली असताना साधारण सव्वा युनिट वीज. त्यात दिवे, पंखा, फोन, लॅपटॉप आणि छोटा फ्रीज चालतो. इंडक्शनची शेगडी म्हणाल तर ती बॅटरी पाऊण तासात गिळून टाकेल, म्हणून गॅस. रात्री बारा वाजेपर्यंत बापलेक भांडत होते, पण तारेच्या जाडीवरून! मी शिवण आवरून गुपचूप झोपायला गेले.

चौथा धडा पाण्याचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत मोठा. न्यूझीलंडमध्ये सार्वजनिक जागी गाडी लावून रात्र काढायची तर बहुतेक ठिकाणी गाडी स्वयंपूर्ण असल्याचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ साली कायदा बदलला आणि त्यासाठी कायम बसवलेला संडास सक्तीचा झाला. पलंग अंथरलेला असतानाही तो वापरता आला पाहिजे. (हा नियम करणाऱ्याच्या घरात नक्की एखादी आजी असणार.) पिण्या-स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज ४ लिटर, असं तीन दिवसांचं १२ लिटर. आणि सांडपाण्याची टाकीही तेवढीच. आपल्याकडे शहरी पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात, म्हणजे बघा.

डिसेंबरात आम्ही आजी-नात दोघी तौरंगाजवळच्या एका कॅम्पमध्ये दोन रात्री राहिलो, परीक्षा म्हणून. साडी नेसायला मला दाराबाहेर उभं राहावं लागलं. रस्त्याच्या वळणांवर स्टीलचे डबे असे वाजत होते की शेवटी मी प्रत्येकाला जुन्या ओढणीचा तुकडा गुंडाळला. आंघोळ कॅम्पच्या न्हाणीघरात, पण बाकी सगळं टाकीतल्या ४० लिटरवर. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा ४० किलोचं ओझं. तांदूळ धुतलेलं पाणी ताटांच्या पहिल्या विसळणीला, मग चमचाभर साबण, मग दुसरी विसळणी. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माणमध्ये पहिल्या नेमणुकीवर मी दोन कळश्यांत दिवस काढत असे, आणि मोरीचं पाणी दारातल्या दुधीला जाई.

निघताना सांडपाण्याची टाकी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची होती. नात म्हणाली, "आजी, तू बाजूला हो." मी झाले नाही. दोन दिवसांचं आमचं सगळं गढूळ पाणी डोळ्यांसमोर गेलं. मनात आलं, माझ्या साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये मी नळ सोडते आणि पाणी जाळीतून खाली जातं. कुठे जातं, हे २२ वर्षांत मी कधी बघितलेलं नाही. घराचा अर्धा कारभार भिंतीआड चालतो आणि आपण त्यालाच सुख म्हणतो. गाडीत भिंतीआड काही नसतं. जे आत आणाल ते स्वतः उचलायचं, आणि जे उरेल तेही स्वतःच बाहेर न्यायचं.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. परवडत नाही म्हणून गाडीत दिवस काढणारी माणसं त्याही देशात आहेत. माझ्या वर्गातल्या त्या मुलांनाही पालात राहायचं की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. शाळा सुटायची ती सुटायचीच. आमच्या नातीची टपाल येण्याची जागा आईबापाचं घर आहे, आजारी पडली तर तिची खोली तिथे तशीच आहे. तिची मौज या आधारावर उभी आहे. तिला मी हे सांगितलं, आणि तिला ते आधीच माहीत होतं.

जानेवारीत मी परत आले. मार्चमध्ये किवीचा हंगाम सुरू झाला आणि ती टे पुकेकडे गेली. मुलाला हे सगळं पटलंय असं समजू नका. नातेवाइकांनी विचारलं तर तो अजूनही "ती फिरतीवर असते" इतकंच सांगतो. पण रोज रात्री तिला फोन करतो, आणि आपण जसं "जेवलीस का?" विचारतो तसं विचारतो, "टाकी भरलीस का?"