खरखरीला पत्ता होता

साताऱ्यात आमच्या लहानपणी रेडिओ लावणं हे कौशल्याचं काम होतं. मीडियम वेव्हवर एका बाजूला पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. दुसऱ्या बाजूला १९६३ साली सुरू झालेलं सांगली, १२५१. सेट व्हॉल्व्हचा असेल तर बटण फिरवून तो तापेपर्यंत वाट बघायची. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल टांगलेली, आणि दरवर्षी पोस्टात जाऊन लायसनच्या पुस्तकावर तिकीट डकवून आणायचं. रेडिओ ऐकायला लायसन लागायचं, हे आजच्या मुलांना सांगूनही पटत नाही. आता फोनवर ॲप उघडलं की सांगली केंद्र साताऱ्यातही स्वच्छ आणि सिंगापुरातही स्वच्छ. आताचं हे निःसंशय बरं आहे.

तरीही त्या काळातली एक गोष्ट हरवल्याची रुखरुख आहे, आणि ती चक्क एक त्रासाची गोष्ट आहे. रात्री शॉर्टवेव्हवर बातम्या रंगात आल्या की मध्येच एक ओळखीचा आवाज घुसायचा. "सीक्यू, सीक्यू, फोर्टी मीटर्स..." बातम्या बुडायच्या. आजोबा चष्मा काढून म्हणायचे, "आला तुमचा हॅम!"

तो हॅम, म्हणजे स्वतःच्या ट्रान्समीटरवरून बोलणारा हौशी रेडिओवाला, चार घरं सोडून राहायचा. सरकारची परीक्षा दिलेला, मोर्सची कडकट्ट शिकलेला, व्हीयू टूने सुरू होणारं स्वतःचं नाव मिळवलेला. गच्चीवर बांबूला ताणलेली तार हीच त्याच्या घराची खूण. वडीलधाऱ्यांना त्या तारेचा संशय यायचा आणि त्यात नवल नव्हतं. दुसरं महायुद्ध सुरू होताच इंग्रजांनी हॅमची लायसन्सं रद्द केली होती, आणि १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भूमिगत काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवरून, म्हणजे हॅमच्याच पट्ट्यातून, बोलत होता. हे ऐकत वाढलेल्या माणसाला गच्चीवरची तार साधी कशी वाटणार? त्यावरून भांडणं झाली, अबोले धरले गेले. त्या काळाचे गोडवे गाताना हेही सांगायला हवं.

शिवाय दोष बहुतेक वेळा आमच्याच सेटचा असायचा. सुपरहेट रेडिओ आलेली लहर आधी ४५५ किलोहर्ट्झवर उतरवून घेतो. सेट साधा असेल तर त्याची पुढची निवड कच्ची राहते, आणि हव्या त्या स्टेशनपेक्षा ४५५ च्या बरोबर दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ, वर जे काही चाललं असेल तेही आत शिरतं. बिचारा हॅम आपल्या हक्काच्या ७०६० वर बोलायचा आणि आमच्या डायलवर ६१५० ला, ४९ मीटरच्या परदेशी स्टेशनांत, उमटायचा. घर अगदी लागून असेल तर काटा कुठेही फिरवा, तो असायचाच.

मग एका रविवारी तोच दारात. "वहिनी, मी तुमच्या रेडिओत येतो म्हणे?" हातात सोल्डरिंग आयर्न, खिशात कंडेन्सर, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तारेची कॉइल. ती एरियलच्या वाटेत जोडायची आणि मग खरी गंमत. तो घरी जाऊन माइकवर बोलायचा, मोठी माणसं रेडिओला कान लावायची आणि आम्ही पोरं गल्लीतून धावत निरोप पोचवायचो. "अजून येतंय!" की तो परत यायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा घरी, पुन्हा आमची धाव. "थोडं कमी झालं!" पुन्हा पाव फेरा. आवाज पुसला गेला की चहा व्हायचा, आणि कितीतरी पोरांना रेडिओच्या पोटात काय असतं ते तेव्हा पहिल्यांदा दिसायचं.

आता रेडिओत कुणाचा आवाज घुसत नाही. नुसती घरघर असते. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, इन्व्हर्टर, सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. मालात काटकसर केलेली असली की या चालू-बंदचा कचरा मीडियम वेव्हपासून शॉर्टवेव्हपर्यंत पसरतो. लाइट गेली की खात्री पटते: बॅटरीवरचा जुना ट्रान्झिस्टर एकदम शुद्धीवर येतो आणि दिवसभर न सापडलेली स्टेशनं रांगेनं हजर होतात.

पूर्वी हॅममुळे शेजाऱ्याचा रेडिओ बिघडायचा, आता शेजाऱ्याच्या दिव्यांनी हॅमचा कान बंद होतो. हॅम आणि मोठ्या स्टेशनांमधला हद्दीचा वादही मिटला. आपल्याकडे ७१०० ला हॅमचा पट्टा संपून ब्रॉडकास्ट सुरू व्हायचं. २९ मार्च २००९ पासून ७२०० पर्यंतची जागा मोठ्या स्टेशनांनी सोडायची आणि हॅमनी वापरायची असं जगभर ठरलं. जागा वाढली, पण ती घरघरीनं भरली.

ही घरघर शोधता येते. ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावायचा आणि घरातल्या एकेका प्लगजवळ न्यायचा; चोर जवळ आला की आवाज चढतो. आपल्या घरातला असेल तर चार्जर बदलता येतो. पण आवाज भिंतीपलीकडून येत असेल तर कुणीतरी जाऊन बेल वाजवावी लागते, आणि ज्यानं कधी रेडिओ लावलाच नाही त्याला आपलं काय बिघडलंय ते पहिल्यापासून सांगावं लागतं.