यातलं तुझं काय?

दुधनीच्या मुलांना भाषांची कमतरता कधीच नसते. घरात दखनी, गल्लीत आणि बाजारात कन्नड, शाळेत उर्दू नाहीतर मराठी, आणि आता मोबाइलमुळे हिंदी, इंग्रजीही. तरीही ही मुलं कॉलेजात गेली की त्यांना एक असा शब्द भेटतो, जो यातल्या एकाही भाषेत त्यांना कुणी शिकवलेला नसतो. मराठीत त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात. शब्द इतका जड आहे की ज्याच्यावर तो आरोप होतो, त्याला आधी आपण काय चोरलं हेच कळत नाही.

माझ्या बहिणीची मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, बारावी मराठीतून केली आणि सोलापूरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेली. तिच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. दुसऱ्या सत्रात अर्थशास्त्राच्या सरांनी अंतर्गत गुणांसाठी प्रकल्प दिला. विषय आपापल्या गावचा बाजार. हिने बारा पानं लिहून दिली. आठवड्याने ती परत आली, पहिल्या पानावर लाल शाईत एकच प्रश्न : ‘यातलं तुझं काय?’ गुणांची जागा रिकामी.

शनिवारी ती घरी आली ती बॅग टाकून रडायलाच बसली. “खाला, सर मेरेकू चोर बोले.” सर चोर म्हणाले नव्हते, पण तिने तसं ऐकलं होतं. तिच्या अम्मीने लगेच निष्कर्ष काढला, की शहरातलं कॉलेज आपल्यासाठी नाही, पोरीने घरी राहून बाहेरून परीक्षा द्यावी. आमच्याकडे मुलींचं शिक्षण थांबायला मोठं कारण लागत नाही. एक लाल शेरा पुरतो. म्हणून ही गोष्ट मला बारा पानांपेक्षा मोठी वाटली.

मी ती पानं वाचली. शिक्षकाला पहिल्या परिच्छेदातच वास येतो. ‘कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे ग्रामीण अर्थव्यवस्थेतील योगदान अनन्यसाधारण आहे’ हे वाक्य पहिल्या वर्षाचं मूल लिहीत नाही. खरं तर कुठलाच माणूस लिहीत नाही, ते वाक्य आपोआप उगवतं. अर्धी पानं इंटरनेटवरून घेतलेली होती, उरलेली एआयला विचारून. एआयने संदर्भ म्हणून एका पुस्तकाचं नावही दिलं होतं. सरांनी ते पुस्तक आणून दाखव म्हटलं, तेव्हा ग्रंथपालांनी शोध शोध शोधलं आणि असं पुस्तकच नाही असं सांगितलं. नसलेल्या पुस्तकाचा दाखला! आमच्या शाळेतल्या कॉपीबहाद्दरांनाही हे सुचलं नसतं.

मी तिला विचारलं, का घेतलंस? ती म्हणाली, “मेरी मराठी गलत रहती ना खाला. उनकी अच्छी है.”

ह्या उत्तरावर मी अजून विचार करते आहे. कॉपी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारा जमाव येतो. त्यासाठी महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे, नांदेडला जिल्हाधिकारी असताना डॉ. श्रीकर परदेशी यांनी चालवलेली कॉपीमुक्तीची मोहीम गाजली होती, आणि दरवर्षी फेब्रुवारी आला की भरारी पथकं निघतात. ते वेगळं दुखणं. तिथे करणाऱ्याला ठाऊक असतं की आपण चोरी करतोय. इथे मुलगी आळशी नव्हती, गुण लाटायलाही निघाली नव्हती. तिला आपल्या वाक्यांची लाज वाटत होती. ‘ण’ आणि ‘न’ चुकतो, ‘ळ’ जिभेवर येत नाही, नपुंसकलिंग तर उर्दूत नाहीच, त्यामुळे ‘ते घर’चं कधी ‘तो घर’ होतं. अशा मुलीला बाजारात शुद्ध, इस्त्री केलेली मराठी फुकट मिळते आहे, तर ती आपली चुरगळलेली कशाला घालेल?

आणि तिला बारा वर्षं शिकवलं काय गेलं? गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं लिही, शब्द बदललास तर गुण जातील. निबंधसुद्धा पाठ. ‘माझी आई’ या विषयावर चाळीस मुलांच्या आया एकाच वेळी पहाटे उठतात, एकच भूपाळी म्हणतात. त्यातल्या दहा आया फजरची नमाज पढत असतात, पण निबंधात भूपाळीच येते, कारण गाईडमध्ये भूपाळी आहे. बी.एड.ला पाठ टाचणांच्या वह्या एका वर्गाकडून दुसऱ्याकडे वारशासारख्या जाताना मी पाहिल्या आहेत. भावी शिक्षकांची ही तऱ्हा, तर मुलांकडून काय अपेक्षा करायची? जून संपेपर्यंत जे शहाणपण होतं ते जुलैपासून गुन्हा ठरतं, आणि मधल्या काळात कुणीच सांगत नाही की नियम बदलला.

नियम लिहिलेला मात्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही, दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, चाळीस ते साठला वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि साठच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. माझ्या भाचीच्या एका मैत्रिणीने हे आकडे कुठूनतरी ऐकून तिला आणखी घाबरवलं होतं. पण त्याच विनियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की वर्गातले स्वाध्याय, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका या टक्केवारीच्या हिशेबात येत नाहीत. त्यांचं काय करायचं ते शिक्षकांनी बघायचं. याच कागदात दुसरीही एक गोष्ट आहे. शैक्षणिक प्रामाणिकपणाची तत्त्वं पदवीच्या अभ्यासक्रमातच सक्तीने शिकवावीत, असं कॉलेजांना सांगितलं आहे. शिक्षेचे टक्के गावोगाव पोहोचले, शिकवण्याचं कलम वाटेत कुठेतरी उतरलं.

मला तिला वाङ्मयचौर्य हा शब्द समजावून सांगायचा नव्हता. मी उर्दूतून सुरुवात केली, कारण तो माल तिच्या घरचाच आहे. उर्दू शायरीच्या शास्त्रात दुसऱ्याचा शेर आपला म्हणून खपवण्याला ‘सरका’ म्हणतात. (मराठी वर्गात हा शब्द मोठ्याने म्हटला तर पोरं बाकावर बाजूला होतील, तो भाग वेगळा.) दोन शायरांना एकमेकांच्या नकळत एकच कल्पना सुचली तर तो सरका नाही, तो ‘तवारुद’. आणि दुसऱ्याची ओळ उघडपणे घेऊन तिच्यावर आपल्या ओळी रचल्या तर ती ‘तजमीन’, तो तर मान आहे. म्हणजे घेणं वाईट नाही. कुणाकडून घेतलं हे झाकणं वाईट. मराठीत तुकोबांपासून श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपर्यंत सगळ्यांनी आपल्या रचनेत आपलं नाव गुंफलं, गझलेच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस असतो. नाव लावण्याची ही रीत जुनीच आहे.

तरी तिला शंका होती. “सगळं मीच कसं शोधून काढणार? दुसऱ्याचं घ्यावंच लागेल ना?” मग हदीसची आठवण करून दिली. मदरशात ती लहानपणी ऐकत आली आहे, की अमक्याने अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून. ही साखळी म्हणजे सनद. मुहद्दिसांनी नुसतं वचन ठेवलं नाही, ते कुणाकुणाच्या तोंडून आलं तेही ठेवलं. इतकंच नाही, तर त्या माणसांची स्मरणशक्ती कशी, ते खरे बोलणारे होते का, याची चौकशी करणारं अस्मा-उर-रिजाल नावाचं अख्खं शास्त्र उभं केलं. मधला एक दुवा कच्चा निघाला की हदीस जईफ. कॉलेजातली तळटीप काही याच्या इतकी कडक नाही, पण जातकुळी तीच. “मग एआयची सनद?” तिनेच विचारलं आणि तिलाच हसू आलं. तीन दिवसांनी पहिल्यांदा हसली.

आता खरा प्रश्न, नवीन बारा पानं आणायची कुठून? गंमत अशी की तिचे अब्बा दुधनीच्या मार्केट यार्डात तोलार आहेत. दुधनीचा बाजार तुरीसाठी ओळखला जातो, आणि जानेवारीत नवी तूर यायला लागली की यार्डात पाय ठेवायला जागा नसते. आळंद, अफजलपूरकडचा शेतकरी राज्याची हद्द ओलांडून इथे येतो. ज्या मुलीच्या घरात रोज संध्याकाळी ओल किती, कचरा किती, सौदा कितीला फुटला, पट्टीत हमाली-तोलाई किती कापली याच गप्पा होतात, तिने बाजाराची माहिती इंटरनेटवरून आणली होती! अब्बांचं बोलणं म्हणजे ‘माहिती’ असते हेच तिला माहीत नव्हतं. ते शाळेत सही करायला अंगठ्याशेजारी नाव काढतात, त्यांचं काय लिहायचं?

मी म्हटलं, त्यांनाच विचार आणि खाली लिही : मुलाखत, तोलार, दुधनी बाजार समिती, तारीख. तिने विचारलं, असं चालतं? चालतं की नाही हे मी सांगण्यापेक्षा सरांना विचार, असं मी सांगितलं. इथे दुसरं घोडं अडलं. सरांना विचारायचं कसं? आमच्या मुलांना कॉलेज म्हणजे वर्ग आणि परीक्षा. बाकीच्या खोल्यांवरच्या पाट्या ती वाचतात, आत जात नाहीत. हिने सहा महिन्यांत ग्रंथालयाचं बीटी कार्ड काढलेलं नव्हतं, का, तर अर्जावर ‘शिफारस’ असा रकाना होता आणि शिफारस कुणाची आणायची हे विचारायची लाज वाटली. एवढ्याशा रकान्याने एक मुलगी हजारो पुस्तकांपासून सहा महिने लांब राहिली.

सोमवारी ती सरांकडे गेली. ते रागावले नाहीत. ‘अब्बांची मुलाखत आधी का नाही घेतलीस?’ एवढंच म्हणाले आणि शिफारशीच्या रकान्यात तिथल्या तिथे सही केली. ग्रंथपाल मॅडमनी तिला एन-लिस्टचं लॉगिन काढून दिलं. कॉलेजने सदस्यत्व घेतलेलं असेल तर विद्यार्थ्याला घरबसल्या सहा हजारांहून जास्त नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं त्यातून फुकट वाचता येतात. बहुतेक इंग्रजीत, हे खरं, त्यामुळे हिला त्याचा उपयोग सध्या कमीच. शोधगंगेवर मराठीतले प्रबंधही सापडतात, ते तिला जास्त कामाला आले. पण मला सगळ्यात आवडलं ते मॅडमनी मराठी विश्वकोशाचा खंड उघडून दिला ते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून उभ्या केलेल्या या ग्रंथात नोंदीच्या शेवटी संदर्भग्रंथ दिलेले असतात आणि नोंद लिहिणाऱ्याचं नाव. मॅडम म्हणाल्या, ‘हे बघ, एवढ्या मोठ्या माणसांनीसुद्धा कुठून घेतलं ते सांगितलंय.’ माझ्या तासाभराच्या भाषणाचं काम त्यांनी एका पानात केलं. ते खंड आता संकेतस्थळावरही आहेत, दुधनीच्या मुलाला मोबाइलवर उघडता येतात, अट एवढीच की कुणीतरी एकदा दाखवलं पाहिजे.

पालकांना एक सांगते. मूल कॉलेजात गेलं की आपण फी, पास, डबा, मैत्रिणी कोण, एवढं विचारतो. ग्रंथालयाचं कार्ड काढलंस का, तुझे मेंटॉर कोण, तक्रार निवारण समिती कुठे बसते, हेही विचारा. आपल्याला उत्तर कळलं नाही तरी चालेल. विचारणारं कुणी आहे म्हटल्यावर मूल शोधून काढतं. आणि ज्या सरांनी लाल शाईत शेरा मारला, त्यांच्याबद्दलही माझं एक म्हणणं आहे. प्रश्न अगदी बरोबर होता. तो ऑगस्टमध्ये वर्गात सगळ्यांना विचारला असता, तर जानेवारीत एकटीला रडावं लागलं नसतं.

नवा प्रकल्प नऊ पानांचा झाला. मराठी चुकलेली होती, मी फक्त शुद्धलेखनाला हात लावला, वाक्यं तिचीच ठेवली. तूर दाताखाली धरून ओल कशी ओळखतात यावर अर्धं पान होतं, ते कुठल्याच संकेतस्थळावर नसेल. पंचवीसपैकी सोळा मिळाले. तिच्या अम्मीला वाटलं, एवढ्या मेहनतीला सोळाच? ज्या मैत्रिणीने तयार प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून विकत घेतला होता तिला एकोणीस मिळाले होते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्याकडेही नव्हतं, पण कॉलेज सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता तिला वेगळाच पेच पडला आहे. पुढच्या प्रकल्पासाठी तिने अफजलपूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलणं केलं, सगळं कन्नडमध्ये. ती ते मराठीत लिहिणार. मग ते शब्द कुणाचे, त्याचे की तिचे? मला फोन करून विचारत होती. मी म्हटलं, सरांनाच विचार. तिने या वेळी लगेच विचारलं. सरांनी सांगितलं, त्याचं कन्नड वाक्य देवनागरीत जसंच्या तसं लिही, खाली मराठी दे, आणि कंसात लिही : भाषांतर माझे.