अठरा ओव्हर्सचा हिशेब

परवा शहागंजात फळं घ्यायला गेलो होतो. घड्याळाच्या टॉवरजवळ बाइक लावली, हेल्मेट काढायला हात वर केला आणि खांद्यातून अशी कळ गेली की बस! ओळखीचा चहावाला हसला. ‘‘क्या बोलर साब, मॅच जीत के आए क्या?’’

काय सांगणार? मी फिजिओकडून येत होतो. निकाल एका ओळीचा : बोलिंग बंद. वय वर्षं छत्तीस.

खरं तर दोन महिने आमखास मैदानावरच्या आमच्या टीमला मी थापा मारतोय. ‘ऑफिसचं काम आहे रे!’ खांदा गेलाय म्हणायची लाज वाटते.

चहा पिताना झहीर खान आठवला. आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचा. २००६ मध्ये टीमबाहेर गेला, तर रुसून न बसता इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून राबला आणि परत आला. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट्स! तेव्हा त्याच्या भात्यात ‘नकल बॉल’ होता. नाव आणि कल्पना बेसबॉलच्या पिचर्सची. हात जोरात फिरतो, बॉल मात्र हळू येतो. क्वार्टर फायनलला माइक हसीसारखा खमक्या त्यावर बोल्ड झाला होता.

त्याची शेवटची टेस्ट २०१४ ची, वेलिंग्टनला. मॅकलमने ३०२ कुटल्या. पस्तिशीतल्या झहीरने त्या एका डावात ५१ ओव्हर्स टाकल्या, ५ विकेट्स काढल्या. पुढे १५ ऑक्टोबर २०१५ ला त्याने इंटरनॅशनल क्रिकेट सोडलं. ९२ टेस्ट, ३११ विकेट्स. कारण सरळ सांगितलं : दिवसाला अठरा-एक ओव्हर्स खांद्याला झेपतील असं वाटत नाही. आयपीएलच्या चार झेपत होत्या, त्या २०१७ पर्यंत टाकल्या.

म्हणजे काय, तर एवढ्या मोठ्या बोलरनेही हिशेब खांद्याला विचारूनच मांडला. आणि मी? टेनिस बॉलच्या दोन ओव्हर्ससाठी ऑफिसच्या नावावर बिलं फाडतोय!

तिथेच मोबाइल काढला. ग्रुपवर टाइप केलं, ‘खांदा गेलाय. आता बोलिंग जमणार नाही.’ पाठवताना घशात काहीतरी अडकलं, खोटं कशाला बोलू?

मिनिटभरात उत्तर आलं.

‘बरं. रविवारी अंपायर कमी आहे. सातला ये. आणि ऑफिसचं काम सांगू नकोस!’