रोही आडवी आली

मोटारीच्या अपघाताची हकीकत दोघे सांगतात : एक तिचा मालक आणि दुसरी ती मोटार. दोघांच्या सांगण्यांत मेळ असला म्हणजे आमच्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्याचें काम सरळ होतें. मेळ नसला म्हणजे काय करावें, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. आणि त्याचें उत्तर कोणत्याही विम्याच्या कागदावर छापलेलें नसतें.

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आम्हां दोघां भावांची एक शेड आहे. तीन कारागीर, आवारांत कशाबशा मावणाऱ्या चार गाड्या, आणि खिळ्याला टांगलेलीं मागल्या कित्येक वर्षांचीं अंदाजपत्रकें, एवढाच आमचा पसारा. कंपन्यांच्या मोठ्या कार्यशाळांतले दर ऐकून जीं गिऱ्हाइकें परत फिरतात, त्यांवर आमचा चरितार्थ चालतो. त्यामुळें गिऱ्हाईक दुखावणें आम्हांस परवडत नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

ज्यांना या व्यवहाराची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. गाडीला धक्का लागला म्हणजे मालक विमाकंपनीस कळवितो व गाडी आमच्याकडे आणतो. काय मोडलें, काय बदलावें लागेल आणि काय ठोकून सरळ होईल, याचें आम्ही अंदाजपत्रक करतों. त्याला आमचे कारागीर आणि गिऱ्हाइकें ‘एस्टिमेट’च म्हणतात. रक्कम मोठी असली म्हणजे कंपनीनें नेमलेला परवानाधारक सर्व्हेअर येतो, छायाचित्रें घेतो, आमच्या आंकड्यांवर दोनचार आडव्या रेघा मारतो आणि जातो. सर्वसाधारण विम्यांत रबर व प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत झिजेपोटीं कापली जाते, काचेची मुळींच कापली जात नाहीं, आणि पत्र्यालोखंडाची गाडीच्या वयाप्रमाणें कापतात. तीन वर्षांहून जुनी पण चार वर्षांच्या आंतली गाडी असली तर शेंकडा २५, पांच ते दहा वर्षांची असली तर शेंकडा ४०. ही कापाकापी मालकाला मोठ्या अन्यायाची वाटते. वर्षानुवर्षें हप्ते भरले, एकदांही कांहीं मागितलें नाहीं, आणि आज मागावयास गेलों तर अर्धा बंपर आपल्याच खिशांतून ! खोटेपणाला दार उघडतें तें येथें.

बहुतेक खोटेपणा अगदीं किरकोळ असतो. दिवाळींत घराच्या फाटकाला घासलेलें दार आषाढांतल्या अपघाताच्या यादींत घुसतें. जुना पोचा नव्या पोच्याच्या शेजारीं जाऊन बसतो. “भाऊ, तेवढें जमवून घ्या,” असें गिऱ्हाईक म्हणतें, आणि तें अशा सहज सुरांत कीं चहांत थोडी साखर अधिक घाला म्हणून जणुं सांगत आहे. जुना पोचा ओळखूं येत नाहीं असें ज्याला वाटतें त्यानें तो एकदां जवळून पाहावा. त्याच्या कडेला गंज चढलेला असतो, चिरेंत धूळ बसून पावसानें घट्ट झालेली असते. नव्या जखमेंतला पत्रा चांदीसारखा चकाकतो. आम्ही असें काम यादींत धरीत नाहीं, पण नकार थट्टेंतच देतों, आणि गिऱ्हाईकही हंसून सोडून देतें. यांत आपण चोरी करावयास निघालों होतों असें कोणासही वाटत नाहीं. कंपनी मोठी, तिचा पैसा कोणाचाच नव्हे, ही समजूत सार्वत्रिक आहे.

हा पैसा वास्तविक कोणाचा, हें वऱ्हाडाला अलीकडेच कळावयास हवें होतें. २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्यांत शेतकऱ्यानें एक रुपया भरून पिकाचा विमा काढावा, अशी सोय झाली होती. ज्यांच्या शेतांत तें पीक नव्हतें, कित्येकांची तर ती जमीनही नव्हती, अशांनीं अर्ज भरले. गैरप्रकारांचा बोभाटा झाला. आणि २०२५ च्या खरिपापासून ती सोय जाऊन शेतकऱ्याला पुन्हां टक्केवारीनें हप्ता भरावा लागूं लागला. खोटे अर्ज करणारे कोठले कोण होते, तें दर्यापूरच्या कपाशीवाल्याला ठाऊकही नसेल. हप्ता मात्र त्याला चुकला नाहीं.

तथापि पैशाचा हा हिशेब मांडण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. पैशाचें ओझें पुष्कळांत वांटलें जातें, म्हणून तें कोणाच्याच खांद्याला फारसें जाणवत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत जें प्रकरण आमच्या आवारांत आलें, त्यांत सारें ओझें एकाच माणसावर पडत होतें.

गाडी एका जुन्या गिऱ्हाइकाची होती. हे गृहस्थ शिक्षक. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, आणि आमच्या घरचीं मुलें त्यांच्या हाताखालून गेलेलीं आहेत. सकाळीं सातला दुसऱ्या गाडीला दोर बांधून त्यांनीं ती ओढून आणली. पुढचा डावा भाग चेपला होता, हेडलाइट फुटला होता, रेडिएटर गळत होता. “काल रात्रीं परतवाड्याहून येतांना रोही आडवी आली,” एवढेंच ते म्हणाले.

त्यांनीं दुसरें कांहीं सांगितलें असतें तर आम्हीं कदाचित् अधिक विचारलें असतें. रोहीबद्दल वऱ्हाडांत कोणी प्रश्न विचारीत नाहीं. ज्याला पुस्तकांत नीलगाय म्हणतात तो हा प्राणी तूरहरभऱ्याच्या रानांतून कळपानें फिरतो, रात्रीं रस्ता ओलांडतो, आणि दिव्याच्या झोतांत सांपडला कीं पुष्कळदां जागच्या जागीं उभा राहतो. वर्षाकाठीं तीनचार गाड्या तरी त्याच्यापायीं आमच्याकडे येतात. रस्ते गुळगुळीत झाल्यापासून तर अधिकच. जून २०२२ मध्यें अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला. त्याचें आम्हांला कौतुक आहे. परंतु त्या वेगाची खबर रोहीला कोणीं दिलेली नाहीं.

रोहीची धडक आम्ही ओळखतों. तें धूड उंच पायांवर उभें असतें, म्हणून मार वर बसतो. बॉनेट दुमडतें, पुष्कळदां पुढची काचही जाते, आणि जाळींत केंस अडकतात. या गाडीचें बॉनेट वरून जवळजवळ साबूत होतें. मार खालीं होता, आणि केंस कोठेंच नव्हते. बंपर उतरवितांना आमच्या डेंटिंगच्या मिस्त्रीनें जाळीमागून लाल प्लास्टिकचा एक तुकडा काढला, दोन बोटांत धरून उजेडाकडे केला, आणि म्हणाला, “भाऊ, रोहीले मांगं लाल लाइट असते काय जी ?”

आम्हांला हंसूं आलें नाहीं. तो तुकडा दुचाकीच्या मागल्या दिव्याचा होता; असे तुकडे झाडून काढण्यांत आमचें आयुष्य गेलें आहे.

मिस्त्रीनें आणखी एक गोष्ट दाखविली. सर अंगानें ठेंगणे. गाडी चालवितांना ते बैठक नेहमीं पुढें ओढून घेतात. कित्येक वर्षें आम्ही ती तशीच पाहत आलों. आज ती शेवटच्या खांचेपर्यंत मागें सरकविलेली होती, आणि आंतला आरसा उंच माणसाच्या डोळ्यांना जमेल असा फिरविलेला होता. सरांच्या घरांत उंच असा एकच आहे : अकरावींत शिकणारा त्यांचा मुलगा.

सरांनीं ती रात्र कशी काढली असेल हें कळण्यास थोडा कायदा ठाऊक हवा. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून मोटारीचा गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊं शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. चालक बिनपरवान्याचा म्हणजे गाडीच्या नुकसानीचा दावाही बुडालाच. जखमी तिऱ्हाइताची भरपाई कंपनीला बहुधा द्यावी लागते. पण २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्वर्णसिंह प्रकरणांत सांगितल्याप्रमाणें, मालकाचा दोष सिद्ध झाल्यास ती पुढें त्याच्याकडून वसूल करण्याची तिला मुभा असते. एका शिक्षकानें रात्रभर जागून हें सारें मोजलें असेल, आणि त्या हिशेबाच्या शेवटीं त्याला रोही सुचली असेल. त्याच्या जागीं आपण असतों तर काय सुचलें असतें, हा विचार आम्हीं मुद्दाम लांब ठेवला. तो जवळ घेतला कीं हात आंखडतो.

कारण हिशेबाला दुसरीही बाजू होती, आणि ती आमच्या टेबलावर पडलेली होती. धडक देणारी गाडी सांपडली, तर जखमी मनुष्य मोटार-अपघात न्यायाधिकरणापुढें जाऊन गमावलेली मिळकत, औषधपाणी, आलेलें अपंगत्व या सर्वांची मागणी मांडूं शकतो. तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती आपल्याकडे १९४६ पासून आहे, ती याचसाठीं. गाडी सांपडलीच नाहीं, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणें गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये आणि मृत्यूला २ लाख, अशा ठराविक रकमेवर समाधान मानावें लागतें. मांडीचा सांधा कायमचा गेला तरी ५०,००० च. आमच्या अंदाजपत्रकांना ‘रोही’ची साथ मिळाली असती तर कंपनीचे कांहीं हजार गेले असते, हें खरें, पण त्याच शब्दानें रस्त्यावरचा एक माणूस पुसला गेला असता, आणि कागदावर त्याच्या जागीं जनावर उभें राहिलें असतें. इंग्लंडांत लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं १७६६ सालीं एका खटल्यांत विम्याचा करार हा परम विश्वासाचा करार असल्याचें तत्त्व मांडलें. विमा घेणाऱ्याला जें ठाऊक असतें तें देणाऱ्याला ठाऊक नसतें, म्हणून. तो विश्वास दोन पक्षांमधला आहे. मोटारीच्या विम्यांत मात्र एक तिसराही असतो, आणि त्याची सही कोणत्याच कागदावर नसते.

दुपारीं सर आले. थोरल्या भावानें तो तुकडा एका पाकिटांत घालून त्यांच्यापुढें ठेवला. कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं.

“तुम्हीं फक्त एस्टिमेट द्यायचें,” सर म्हणाले. “कारण लिहिणारा मी आहें. तुमचें काय जातें ?”

प्रश्न अगदींच गैर नव्हता. आमच्याकडून मोडतोडीचे दर अपेक्षित असतात, हकीकत नव्हे.

“सर, तो माणूस कसा आहे ? तेवढें सांगा,” आम्हीं म्हटलें.

“माहीत नाहीं.” सरांनीं खालीं पाहिलें. “पोरगा थांबलाच नाहीं. वलगांवच्या अलीकडे अंधार होता, म्हणतो. घाबरला अन् तसाच घरीं आला.”

या ‘माहीत नाहीं’नें आमचें ठरलें. आम्हीं सांगितलें कीं, पाकीट आम्ही फेकून देणार नाहीं आणि ठेवूनही घेणार नाहीं. तें तुम्ही संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यांत न्या; न नेल्यास दुकान बंद करून आम्ही नेऊं. तोंवर गाडीला कोणाचा हात लागणार नाहीं.

“तुमच्या पोरांना मीं शिकवलें,” सर म्हणाले.

थोरल्या भावानें उत्तर दिलें नाहीं. नुसते हात जोडले. सहाच्या सुमारास सर मुलाला बरोबर घेऊन आले, पाकीट उचललें आणि ठाण्यांत गेले.

दुसऱ्या दिवशीं पंचनाम्याला हवालदार आले, त्यांच्याकडून बाकीचें कळलें. दुचाकीवाला घरोघर दूध घालणारा होता. मांडीचें हाड मोडलें होतें. मागून आलेल्या एका ट्रकवाल्यानें उचलून त्याला जिल्हा रुग्णालयांत, ज्याला गांव इर्विन म्हणतें तेथें, पोंचविलें होतें. त्याच्या फिर्यादींत ‘अज्ञात वाहन’ असे शब्द होते. त्यांच्या जागीं आतां नंबर आला.

आमच्या बाबतींत म्हणाल तर, गाडी कित्येक आठवडे आवारांत अडून राहिली, म्हणजे चारांतली एक जागा गेली. सरांच्या ओळखीचीं दोनतीन गिऱ्हाइकें कमी झालीं. ‘हे लोक पोलिसांत जातात’ ही कीर्ति दुरुस्तीवाल्याला झेपणारी नव्हे. आमच्या एका समव्यावसायिकानें तोंडावर सांगितलें कीं, आपण तो तुकडा नालींत टाकला असता आणि स्वस्थ झोपलों असतों. तो खोटें बोलत नव्हता. आणि तो वाईट मनुष्यही नाहीं. उन्हाळ्यांत येणाऱ्याजाणाऱ्यासाठीं दारांत पाण्याचा रांजण भरून ठेवणारा आमच्या रस्त्यावर तो एकटाच.

कंपनीनें गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला. दुधवाल्याचें प्रकरण न्यायाधिकरणापुढें चालू आहे आणि मुलाचें बाल न्याय मंडळापुढें, म्हणून त्यांविषयीं येथें कांहीं लिहीत नाहीं. गाडी आम्हींच दुरुस्त केली. मजुरी सोडली, सुट्या भागांची किंमत तेवढी लावली. ती सरांना एकरकमी देणें शक्य नव्हतें; दर महिन्याच्या पांच तारखेच्या सुमारास हप्त्यानें येते. सर दुकानावरून जातांना आमच्याकडे पाहत नाहींत. पैसे मुलगा आणतो. सायकलवरून येतो, मोजून देतो, आणि पावती लिहून होईपर्यंत शेडच्या खांबाशीं उभा राहतो. पहिले कांहीं महिने मिस्त्रीनें त्याच्याकडे मानही वर केली नाहीं. मागल्या खेपेस एक नट गंजून बसला होता, तेव्हां त्यानें न बोलतां दुसरा पाना त्याच्या हातांत दिला, आणि पोरानें तो नट मोकळा होईपर्यंत धरून ठेवला.