सावलीची बिजागरी

मोटारीचे कौतुक करताना कोणी इंजिनाचे करतो, कोणी रंगाचे. ड्रायव्हरच्या डोक्यावर छताला चिकटून असलेल्या झापडीचे, म्हणजे सनवायझरचे, नाव कोणी घेत नाही. माझी तिच्याशी ओळख झाली ती काकांमुळे.

काका रोज संध्याकाळी सिकंदराबादहून टँकबंडवरून घरी येत. या दिशेने येताना हुसेनसागर उजव्या हाताला, ड्रायव्हरच्या बाजूला असतो. इब्राहिम कुतुबशहाच्या काळात, १५६२-६३ च्या सुमारास, बांधलेल्या या तलावावरचा सूर्यास्त पाहायला लोक मुद्दाम येतात. काकांना तो नकोसा होई. थंडीत सूर्य नैर्ऋत्येला मावळतो, तेव्हा तो समोरच्या काचेतून डोळ्यांत शिरतो. मे-जूनमध्ये वायव्येला सरकतो, तेव्हा खिडकीतून. म्हणून झापड नुसती खाली ओढून भागत नाही. आकड्यातून सोडवून खिडकीकडे वळवावी लागते.

आमच्या जुन्या गाडीची झापड वळवली की लोंबू लागे. काका एका हाताने ती धरीत, दुसऱ्याने स्टिअरिंग. घरी काकूंचा जीव टांगणीला! शेवटी मी गाडी मेकॅनिककडे नेली.

त्याने झापड उतरवली तेव्हा आतली करामत दिसली. काटकोनात वाकवलेली एक सळई. तिचे उभे टोक छतातल्या खोबणीत फिरते, म्हणून झापड खिडकीकडे वळते. आडवा भाग झापडीच्या पोटात जातो. त्याला स्प्रिंगची पोलादी पट्टी आवळून धरते, म्हणून झापड खाली-वर होते आणि सोडू तिथे थांबते. सारी किमया घर्षणाची! पट्टी सैल झाली तर झापड पडते, फार आवळली तर बोटाने हलत नाही. मेकॅनिक दखनीत म्हणाला, "ज्यादा टाइट नक्को, ज्यादा ढीला बी नक्को." हुसेनसागरात १९९२ पासून उभ्या असलेल्या बुद्धाचा मध्यममार्ग मला इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितला नव्हता.

झापड जागेवर थांबू लागली, तरी काकांचे डोळे दिपतच राहिले. चार दिवसांनी ते म्हणाले, "झापड आता बरोबर आहे रे. म्हणजे दोष डोळ्यांत असणार." तपासणीत मोतीबिंदू निघाला. डोळ्यातले भिंग गढूळ झाले की प्रकाश आतच विखुरतो. त्यावर बाहेरच्या झापडीचा उपाय कितीसा चालणार? आजवर सगळा ठपका बिचाऱ्या सळईवर होता. ती नीट झाली म्हणून खरे दुखणे उघडे पडले.

शस्त्रक्रिया होईपर्यंत काकांनी किल्ली माझ्याकडे दिली आहे. संध्याकाळी ते माझ्या शेजारी बसतात. मी झापड वळवली की हळूच विचारतात, "सावली हवी तेवढीच घे. सिग्नल दिसतोय ना?"